घरातला चित्रसाठा आणि त्याची किल्ली

भाईंदर स्थानकाच्या पूर्वेला उतरून नवघर रस्त्याने चालू लागलात आणि मान थोडी वर केलीत, तर एक गंमत तुमच्या ध्यानात येईल. खिडक्यांबाहेर, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर, गच्च्यांवर शेकडो डिश बसवलेल्या दिसतात. आमच्याकडे त्यांना ‘छत्री’ असेच म्हणतात. एका कंपनीच्या सगळ्या छत्र्या अगदी एकाच दिशेला तोंड करून असतात, वर्गातली मुले फळ्याकडे पाहतात तशा. माझ्या लहानपणी याच भागात मिठागरे खूप होती आणि कौलांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे ॲन्टेना होते. त्यांचीही तोंडे दक्षिणेलाच असत, कारण सुमारे ३२ किलोमीटरवर वरळीला दूरदर्शनचा मनोरा आहे आणि तेथून २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबईचे कार्यक्रम प्रक्षेपित होत असत. आजच्या छत्र्याही साधारण दक्षिणेकडेच पाहतात, पण वरळीकडे नव्हे, आकाशाकडे.

या लेखाचे निमित्त मात्र छत्री नाही, एक चकती आहे. आमच्या इमारतीतल्या एक काकू दोन वर्षांपूर्वी एके सकाळी पुतण्याला घेऊन माझ्याकडे आल्या. पुतण्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हार्ड डिस्क होती. काकूंचे यजमान भजनी मंडळात पखवाज वाजवीत. सह्याद्री वाहिनीवर एकदा मंडळाचा कार्यक्रम झाला, तो काकूंनी घरातल्या रेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवला होता. पुढे काका वारले. काही दिवसांनी स्वस्त पडते म्हणून घरच्यांनी दूरचित्रवाणीची सेवा बदलली. जुनी पेटी जोडून पाहिली, तर यादीत कार्यक्रमाचे नाव दिसते, पण बटण दाबले की ‘आपले खाते बंद आहे’ एवढेच उमटते. पुतण्याने पेटी उघडून चकतीच काढून आणली. काकू म्हणाल्या, “सर, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग यातून एवढं काढून द्या.”

मी चकती संगणकाला जोडली. संगणकाने लगेच विचारले, ‘ही चकती ओळखता येत नाही, नव्याने आखून घेऊ का?’ (तुमच्यावर असा प्रसंग आला, तर चुकूनही ‘होय’ म्हणू नका. आखून घेणे म्हणजे पाटी पुसणे.) मी ‘नाही’ म्हटले आणि चकतीवरचे आकडे नुसते उघडून पाहिले. शून्य आणि एक यांची रांगच रांग होती, पण तिच्यात कोणताही क्रम लागेना. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा तेथे काही उपयोग नव्हता.

असे का झाले बरे? आणि आपल्या घरासाठी रेकॉर्डर व सेवा निवडताना काय विचारले असते, तर हे टळले असते? हे समजून घ्यायचे, तर चित्र आकाशातून येऊन चकतीवर कसे बसते, तेथपासून सुरुवात केली पाहिजे.

आकाशातून गच्चीवर

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीबरोबरच एका दिवसात एक फेरी पुरी करतो, म्हणून तो आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. ८३ अंश पूर्व रेखांशावर असे भारतीय उपग्रह आहेत. त्यांपैकी जीसॅट-२४ हा २३ जून २०२२ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडण्यात आला आणि त्याची क्षमता टाटा प्ले या सेवेसाठी देण्यात आली. भाईंदरचा अक्षांश १९.३ आणि रेखांश ७२.८५ धरून गणित केले, तर हा उपग्रह दक्षिणेपासून २८ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर येतो. छत्री मात्र एवढी आकाशाकडे वळलेली दिसत नाही, जवळजवळ उभीच वाटते. कारण ती अन्वस्ताचा पुरा वाडगा नसून त्याचा एका बाजूचा कापलेला तुकडा असतो. त्यामुळे तिची नजर दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते.

याचा घर घेतलेल्याला उपयोग काय? पुष्कळ. समोरच्या इमारतीचे अंतर १० मीटर असेल, तर ती तुमच्या छत्रीपेक्षा २१ मीटर, म्हणजे सुमारे सात मजले उंच असेल तरच आडवी येईल. (६५ अंशांची स्पर्शज्या कोष्टकात पाहा.) पण तुमच्या सर्व खिडक्या उत्तरेला, वसईच्या खाडीकडे उघडत असतील, तर छत्री गच्चीवरच न्यावी लागेल आणि तेथून खाली लांबलचक केबल ओढावी लागेल. सेवा निवडण्याआधी एक साधे होकायंत्र घेऊन गॅलरीत उभे राहावे, विक्रेत्याची वाट पाहू नये. वेगवेगळ्या सेवांचे उपग्रह वेगवेगळ्या रेखांशांवर आहेत. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’साठी वापरला जाणारा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर आहे. तो आपल्याला आणखी पूर्वेकडे आणि थोडा खाली, ५७ अंशांच्या आसपास सापडतो.

या लहरींची वारंवारता ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या घरात असते, म्हणजे तरंगलांबी अडीच ते पावणेतीन सेंटिमीटर. वरळीच्या मनोऱ्याच्या जुन्या लहरी काही मीटर लांबीच्या होत्या. त्यांना पावसाचे सोयरसुतक नव्हते. पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटरचा. लहर जितकी आखूड, थेंबाच्या मापाच्या जितकी जवळ, तितकी ती थेंबांत अधिक शोषली आणि विखुरली जाते. म्हणूनच जुलैतल्या मोठ्या सरीत पडद्यावरचे चित्र चौकोनी तुकड्यांचे होते आणि मग नाहीसे होते. अशा वेळी मुद्रण चालू असेल, तर रेकॉर्डर काही जादू करीत नाही. जे आलेच नाही, ते तो साठवणार कोठून? क्रिकेटचा सामना मुद्रित करायला लावून गेलेल्या माझ्या भाच्याला नेमकी शेवटची दोन षटके काळी मिळाली आणि त्याने यंत्राला नावे ठेवली. दोष यंत्राचा नव्हता, ढगांचा होता.

छत्रीच्या पुढे आलेल्या दांड्यावर एक लहान डबी असते, तिला एल.एन.बी. म्हणतात. ११ गिगाहर्ट्झचा संकेत साध्या केबलमधून काही मीटर गेला तरी क्षीण होतो. म्हणून ही डबी त्याची वारंवारता उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणते. उपग्रहाकडून लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत येतात. त्यांपैकी कोणत्या हव्या, हे घरातली पेटी डबीला कसे कळवते, ठाऊक आहे? केबलमधूनच! पेटीने १३ व्होल्ट दिले की उभ्या, १८ व्होल्ट दिले की आडव्या. एकाच तारेतून खाली चित्र येते आणि वर आज्ञा जाते.

आता एक पेच पाहा. आजीला आठ वाजताची मालिका पाहायची आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवरचा विज्ञानाचा कार्यक्रम तुम्हाला मुद्रित करायचा आहे. मालिका उभ्या लहरींवर आणि विज्ञान आडव्या लहरींवर असेल, तर एक तार एकाच वेळी १३ आणि १८ व्होल्ट कशी देणार? साध्या डबीला हे जमत नाही. म्हणून ‘एक पाहा, दुसरे मुद्रित करा’ असे सांगणाऱ्या यंत्रात दोन ट्यूनर लागतात आणि बहुतेक वेळा छत्रीपासून दोन केबलही आणाव्या लागतात. दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : ट्यूनर किती? एकच ट्यूनर असेल, तर मुद्रण चालू असताना घरातल्या सर्वांना तीच वाहिनी पाहत बसावे लागते आणि मग घरात काय होते, ते मी सांगायला नको.

केबलची सेवा असेल, तर छत्रीचा हा सगळा प्रपंच केबलवाल्याकडे असतो आणि आपल्याकडे केवळ तार येते. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर जुनी ॲनालॉग केबल बंद होऊन पेटी सक्तीची झाली, आणि नंतर ती देशभर पसरली. पेटीच्या आत पुढे जे घडते, ते दोन्हीकडे सारखेच.

एवढे चित्र एवढ्याशा चकतीत

चुंबकावर मुद्रण करण्याची कल्पना नवी नाही. वाल्डेमार पॉल्सन या डॅनिश अभियंत्याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज मुद्रित करून दाखवला होता. १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये व्ही.एच.एस. या घरगुती चित्रफिती आल्या. आमच्या लहानपणी गणपतीत किंवा दिवाळीत व्ही.सी.आर. भाड्याने आणून रात्रभर तीन चित्रपट पाहण्याची पद्धत होती. तुमच्या आईवडिलांना विचारा. ती फीत ॲनालॉग होती. संकेताचा चढउतार जसाच्या तसा चुंबकत्वाच्या चढउतारात उतरे. १९९९ मध्ये अमेरिकेत फितीच्या जागी संगणकाची चकती वापरणारे रेकॉर्डर विकायला आले. भारतात थेट घरात उपग्रहावरून येणारी पहिली सेवा डिश टीव्हीने २००३ मध्ये सुरू केली, टाटा स्काय २००६ मध्ये आली आणि तिने २००८ मध्ये ‘टाटा स्काय प्लस’ नावाची चकतीवाली पेटी आणली.

चकतीवर चित्र नसते, आकडे असतात. किती असतात ते मोजू. साध्या दूरचित्रवाणीच्या एका चित्रात ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या उजेडासाठी व रंगासाठी मिळून १६ बिट धरू, आणि एका सेकंदात २५ चित्रे. गुणाकार केलात, तर सेकंदाला १६,५८,८८,००० बिट होतात. आता ५०० जी.बी.ची चकती घ्या. तिच्यात ५०० अब्ज बाइट, म्हणजे ४,००० अब्ज बिट मावतात. भागाकार करा. उत्तर येते सुमारे २४,१०० सेकंद, म्हणजे पावणेसात तासही नाहीत! मग जाहिरातीत शेकडो तास कसे लिहिलेले असतात?

उत्तर आपल्या रोजच्या पाहण्यातच आहे. बातम्या सांगणारी बाई पडद्यावर असते, तेव्हा हलते काय? ओठ, पापण्या, थोडी मान. मागची भिंत तीच, टेबल तेच. मग दर चित्रात भिंत पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? ‘मागच्या चित्रासारखेच, फक्त एवढा भाग बदलला’ असे कळवले की पुरते. शिवाय मिठागराच्या पाण्यासारखा एकरंगी भाग असेल, तर त्यातला बिंदू न् बिंदू सांगावा लागत नाही. या युक्तीला संपीडन म्हणतात. एमपेग-२ ही तिची जुनी पद्धत, एमपेग-४ त्यापेक्षा काटकसरी. एमपेग-४ने साधे चित्र सेकंदाला सुमारे २० लाख बिटांत बसते. म्हणजे ऐंशीपटीहून अधिक बचत! एच.डी. चित्राला सुमारे ८० लाख लागतात. धावत्या खेळात प्रत्येक चित्रात बरेच काही बदलते, म्हणून त्याला जास्त. दोघेजण खुर्चीत बसून चर्चा करीत असतील, तर कमी.

आता तोच भागाकार पुन्हा करा. साधे चित्र : ४,००० अब्ज भागिले २० लाख, म्हणजे २० लाख सेकंद, सुमारे ५५५ तास. एच.डी. : सुमारे १३९ तास. जाहिरातीत मोठा आकडा ठळक अक्षरांत असतो आणि तो साध्या चित्राचा असतो. तुम्ही पाहणार एच.डी., म्हणजे तुमच्यासाठी तो एक-चतुर्थांश. त्यातला काही भाग यंत्र स्वतःच्या कामासाठी राखून ठेवते. वर आणखी एक मौज. दुकानदार १००० च्या पटीत मोजतो आणि काही यंत्रे १०२४ च्या पटीत, म्हणून ५०० ची चकती पडद्यावर ४६५ दिसते. कोणी फसवलेले नसते, मापे दोन आहेत.

आपल्याला किती तास हवेत? माझ्या मते शंभर तास एच.डी. पुष्कळ झाले. मुद्रित करून न पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी वाढत जाते, एवढाच मोठ्या चकतीचा अनुभव आहे.

चालू कार्यक्रम थांबवून चहा करून यायचे आणि तेथूनच पुढे पाहायचे, ही सोय लोकांना फार अद्भुत वाटते. प्रत्यक्षात काय होते? तुम्ही ‘थांब’ म्हटलेत तरी उपग्रह काही थांबत नाही. पेटी येणारे आकडे चकतीवर लिहीतच राहते आणि तुम्ही परत आलात की मागून वाचू लागते. विहिरीवरचा रहाट आठवा. एका बाजूने पोहरे भरतात, दुसऱ्या बाजूने रिकामे होतात, आणि तेच पोहरे पुन्हा खाली जातात. चकतीवरचा एक ठरावीक भाग असा गोल गोल वापरला जातो, म्हणून फार वेळ थांबलात तर मागचे पुसले जाते. चकतीला सेकंदाला ८० कोटी बिटांची ये-जा सहज झेपते आणि आपल्या एच.डी. वाहिनीला लागतात ८० लाख. दोन वाहिन्या लिहून तिसरी वाचायला तिला काहीच श्रम नाहीत.

या सोयीचे मोल मला २३ ऑगस्ट २०२३ रोजी कळले. चांद्रयान-३ संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रावर उतरणार होते आणि मी महाविद्यालयातून निघून विरार गाडीत उभा होतो. डब्यात लोक एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकावत होते. मला कोणाच्या तरी खांद्यापलीकडून टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. घरी पोचल्यावर मात्र सुरुवातीपासून सर्व पाहता आले, कारण सकाळीच यंत्राला सांगून ठेवले होते. येथे एक सूचना. रेकॉर्डर वेळापत्रकाप्रमाणे चालतो. कार्यक्रम लांबला तर यंत्राला ते नेहमी कळतेच असे नाही. थेट प्रक्षेपण मुद्रित करताना शेवटी अर्धा तास जास्तीचा लावावा.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. वेळ झाली की आपणहून जागे व्हायचे, तर यंत्र पूर्ण बंद करून चालत नाही. समजा ते सदोदित १५ वॉट घेते. वर्षाचे ८,७६० तास. गुणाकार केलात की १३१ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला हजार रुपयांहून अधिक. पेटीच्या मागे वॉटचा आकडा छापलेला असतो, तो पाहून हे गणित आपल्या घरासाठी करा.

किल्ली कोणाची?

आता काकूंच्या चकतीकडे येऊ. पैसे भरणाऱ्यालाच चित्र दिसावे, म्हणून सेवा देणारी कंपनी आकड्यांना कुलूप लावते. ते कसे, हे एका खेळातून पाहू. समजा चित्राचे आकडे आहेत १०११००१० आणि किल्ली आहे ०११०१००१. दोन्ही एकाखाली एक लिहा. वरचा व खालचा अंक सारखा असेल तर ० मांडा, वेगळा असेल तर १. उत्तर येईल ११०११०११. हे पाहून मूळ आकडा कोणाला सांगता येईल का? पण या उत्तराखाली तीच किल्ली लिहून तोच खेळ पुन्हा करा. मूळ १०११००१० परत हजर!

खऱ्या कुलपात नियम बराच गुंतागुंतीचा असतो आणि किल्ली ८ ऐवजी, समजा, १२८ अंकांची असते. अशा निरनिराळ्या किल्ल्या किती? दोनाचा १२८ वा घात, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये. सेकंदाला एक अब्ज अब्ज किल्ल्या लावून पाहणारा संगणक असला, तरी सगळ्या लावायला दहा लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. माझ्या टेबलावरच्या संगणकाने हात का टेकले, हे आता तुम्हाला कळले असेल.

अशा रेकॉर्डरमध्ये चकतीवर लिहिताना आकडे कुलूपबंद होतात. सह्याद्री ही पैसे न देता दिसणारी वाहिनी, पण यंत्र तेवढा भेद करीत नाही. हाती आले ते सारे एकाच पेटाऱ्यात टाकते. किल्ली त्याच पेटीत आणि तिच्या कार्डात असते आणि ती फिरवायची की नाही, हे खाते चालू आहे की बंद, यावर ठरते. म्हणजे चकती काकूंची, मुद्रण त्यांनी केलेले, पेटीही पैसे देऊन घेतलेली, पण किल्ली दुसऱ्याची. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी, घरी मागाहून पाहण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करणे हा प्रताधिकाराचा भंग नाही, असा निकाल बीटामॅक्सच्या खटल्यात दिला होता. त्या काळची फीत त्याच पद्धतीच्या दुसऱ्या यंत्रात घातली तरी चाले. आजच्या चकतीचे तसे नाही.

म्हणून दुकानात दुसरा प्रश्न असा विचारा : सेवा बंद केली, तर माझे मुद्रण दिसेल का? ते दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का? विक्रेता घुटमळला, तर उत्तर ‘नाही’ असे समजा. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या सेवेला सहसा चालतही नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये सर्व पेट्या एकमेकींच्या सेवेला चालाव्यात, अशी शिफारस केली होती. शिफारस आणि नियम यांत अंतर असते, एवढेच येथे म्हणतो. बाहेरून यू.एस.बी. चकती जोडायच्या पेट्या मिळतात, त्यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारावा. चकती बाहेर आहे म्हणजे किल्लीही आपल्याकडे आहे, असे नव्हे.

याउलट फ्री डिशसारख्या खुल्या प्रक्षेपणासाठी बाजारात ज्या साध्या पेट्या मिळतात, त्यांपैकी अनेकींना मागे यू.एस.बी.ची खाच असते. तीत पेन ड्राइव्ह लावून मुद्रण केले, तर ते बहुधा संगणकावरही उघडते. तेथे मासिक शुल्क नाही. वाहिन्या मात्र मोजक्या, आणि खेळांचे सामने फारसे नाहीत. ज्या घरात सह्याद्री, बातम्या आणि जुने चित्रपट एवढेच पाहिले जाते, त्यांनी तिकडे नाक मुरडू नये.

मासिक शुल्काचे थोडक्यात सांगतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाने आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे द्यावेत, अशी पद्धत सुरू झाली. पहिल्या १०० वाहिन्यांच्या वहनासाठी १३० रुपये आणि कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, अशी कमाल मर्यादा होती. मार्च २०२० पासून तेवढ्यातच २०० वाहिन्या देणे आले, आणि जुलै २०२४ मध्ये मर्यादा काढून ते कंपन्यांवर सोडले. तेव्हा जुना आकडा डोक्यात ठेवून भांडायला जाऊ नका. एक आठवडाभर भिंतीवर कागद लावा आणि घरात प्रत्यक्ष कोणत्या वाहिन्या लागल्या, ते प्रत्येकाने लिहावे. आमच्या घरी हा प्रयोग केला, तेव्हा अकरा नावे निघाली. आम्ही पैसे भरत होतो दोनशेहून अधिक वाहिन्यांचे.

काहीजण म्हणतील, आता इंटरनेटवर सर्व केव्हाही पाहता येते, रेकॉर्डर हवा कशाला? बरोबर आहे. केबलऐवजी चांगली फायबर जोडणी असेल आणि पाहणारे बहुतेक तरुण असतील, तर माझेही मत तसेच पडेल. सेकंदाला ५० लाख बिट धरले, तर एका तासाला सव्वादोन जी.बी. खर्च होतात, मोबाइलवर पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पण तेथे तर चकतीही आपली नसते. आज यादीत असलेला कार्यक्रम उद्या काढून घेतला जातो आणि कोणाला विचारायचीही सोय नसते.

काकूंचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. जुने खाते बंद होऊन दोनच महिने झाले होते. पुतण्याने चकती पुन्हा त्याच पेटीत बसवली, छत्री पुन्हा जुन्या उपग्रहाकडे वळवली आणि एका महिन्याचे पैसे भरून खाते चालू करून घेतले. रविवारी दुपारी बटण दाबले आणि टाळ-मृदंग घुमू लागले. कुलूप कितीही पक्के असले, तरी पडद्यावर दिसायचे तर आकड्यांचे शेवटी चित्र व्हावेच लागते. पेटीच्या मागे पिवळी, तांबडी आणि पांढरी अशी तीन छिद्रे होती. पिवळ्यातून चित्र येते, बाकी दोन आवाजाची. त्यांतून तारा काढून एका लहानशा यंत्रामार्फत मी ते संगणकावर उतरवून घेतले आणि दोन पेन ड्राइव्हवर प्रती केल्या. या वाटेने चित्र थोडे मऊ होते, कडा पूर्वीसारख्या रेखीव राहत नाहीत. मी तसे काकूंना सांगितले. त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. काकांनी त्या दिवशी नवा सदरा घातला होता आणि त्याची वरची गुंडी लावायची राहून गेली होती, ते त्या पुतण्याला बोटाने दाखवीत होत्या.